टेन, हेन, पेन आणि ट्रेन : यात वेगळा शब्द कुठला?

गुळपोळी | रात्री १०:५२

नमस्कार लोकहो. लेक पहिलीत आहे, इंग्लिश मिडियम. मी आणि नवरा दोघंही मराठी मिडियमवाले, एबीसीडीशी ओळखच पाचवीत झाली. तर काल वर्कशीट आली, चार चार शब्द दिलेले आणि जो राइम होत नाही त्याला गोल करायचा. तिसऱ्या ओळीत होतं टेन, हेन, ट्रेन, पेन. मी दोनदा वाचलं, चारी जुळतायत. म्हटलं छपाईत चूक असणार. तरी गोल तर करायलाच हवा, म्हणून लेकीला सांगितलं हेनला कर, चौघांत ती एकटीच जिवंत आहे.

आज वही आली, लाल फुली. बरोबर उत्तर ट्रेन. आणि मी शहाणी, आधी विचारायचं सोडून थेट क्लासच्या ग्रुपवर टाकलं की मॅडम चारी शब्द राइम होतात, कृपया बघा. पटापट सहा-सात पालकांचे अंगठे आले. मग मॅडमनी नऊ सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकला, त्यात त्या पेन म्हणतात आणि ट्रेन म्हणतात. मी दहा वेळा ऐकला. नवऱ्याने ऐकला. सासूबाईंनी ऐकला आणि म्हणाल्या अगं दोन्ही एकच तर म्हणतायत त्या.

आणि लेक म्हणते, नाही आजी, वेगळंय.

तर प्रश्न असा की काय वेगळंय? पहिलीच्या पोरीला ऐकू येतं आणि घरातल्या तीन मोठ्यांना येत नाही, हे काय आहे? कानाच्या डॉक्टरकडे जाऊ का?

---

खवट_काजू | रात्री ११:०४

स्पेलिंग बघा की. टेन-हेन-पेन मधे नुसता ई, ट्रेनमधे ए आणि आय. झालं.

---

गुळपोळी | रात्री ११:०९

@खवट_काजू तेच तर मी पण म्हटलं, पण आधीच्याच वर्कशीटमधे बेअर आणि हेअर जुळतात असं होतं. अस्वल आणि केस. एकात ई-ए-आर, दुसऱ्यात ए-आय-आर. मॅडमचं म्हणणं राइम कानाने ओळखायचं, डोळ्याने नाही. आता कानच दगा देतोय तर काय करू!

---

भोपळ्याचं_घारगं | रात्री ११:४१

गुळपोळीताई, डॉक्टरकडे नका जाऊ, तुमचे कान ठणठणीत आहेत. मी बरीच वर्षं प्रायमरीला इंग्रजी शिकवते आणि हा पेन-ट्रेनचा घोळ दर वर्षी कुणा ना कुणा पालकाचा होतो. ग्रुपवर टाकण्याचं धाडस मात्र तुमचंच.

आपल्या मराठीत ए एकच. देव, केस, पेरू, शेत, सगळीकडे तोच. इंग्रजीत तिथे दोन वेगळे स्वर आहेत, एक छोटा आणि सैल, जो पेन, हेन, रेड, बेडमधे येतो, आणि दुसरा जो ए पासून सुरू होऊन इ कडे घसरत जातो, ट्रेन, रेन, केक, गेम वगैरेंमधे. ज्याला जन्मापासून एकाच ए ची सवय त्याचा मेंदू दोन्ही आवाज उचलतो आणि एकाच वाटीत टाकतो. घरातल्या मसाल्याच्या डब्याचं कसं, वाट्या सात असतात. शहाजिरं आणलं आणि त्याला वेगळी वाटी नसली की ते जिऱ्याच्याच वाटीत जाणार, आणि मग वर्षानुवर्षं तुम्ही म्हणणार की आमच्याकडे जिरंच असतं. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीत साधारण २० स्वर मोजतात, त्यातले आठेक असे घसरणारे. अक्षरं मात्र पाचच. म्हणजे त्यांचा डबाही अपुराच आहे आणि आपला त्याहून वेगळ्या मापाचा.

लेकीला ऐकू येतं कारण लहान मुलांच्या वाट्या अजून पक्क्या ठरलेल्या नसतात. शिवाय ती रोज मॅडमचं ऐकतेय.

आता राइम म्हणजे नक्की काय ते. शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो तिथून शेवटपर्यंतचा आवाज सारखा हवा आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. एवढंच. त्यामुळे पेनचं ट्रेनशी जमत नाही, शेवटचा न सारखा असला तरी. आणि बेअर-हेअरचं जमतं, स्पेलिंग कसंही असो.

---

सातारी_कंदी | रात्री ११:५५

घारगंताई, सगळं समजलं पण एक घोळ झालाय, तुम्ही पेनमधला ए वेगळा आणि ट्रेनमधला ए वेगळा असं लिहिलंय आणि मला स्क्रीनवर दोन्हीकडे तीच एक मात्रा दिसतेय 😂

---

भोपळ्याचं_घारगं | रात्री ११:५८

अहो हाच तर प्रॉब्लेम! देवनागरीत लिहिलं की फरक पुसला जातो, आणि आपण इंग्रजी शब्द डोक्यात देवनागरीतच साठवतो. ही यादी बघा, सगळ्या जोड्या मराठीत लिहिल्या की जुळ्या होतात.

शाईचं पेन आणि दुखण्याचं पेन. मिळण्याचं गेट आणि फाटकाचं गेट. विकणे या अर्थाचं सेल आणि दिवाळीचा सेल. ओलं या अर्थी वेट आणि थांबा या अर्थी वेट. परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट. कर्जाचं डेट आणि तारखेची डेट.

प्रत्येक जोडीत पहिला छोटा ए, दुसरा घसरता.

---

सातारी_कंदी | रात्री १२:०३

कर्ज आणि डेट मराठी माणसाला सारखेच वाटतात यात कानाचा काही दोष नाही

---

गुळपोळी | सकाळी ७:२०

😂😂 पण ताई मी आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं, माझ्या तोंडून दोन्ही तसेच येतायत. घसरता म्हणजे नक्की कसा? काहीतरी पकडायला द्या.

---

भोपळ्याचं_घारगं | सकाळी ८:१५

देते. "मी नेईन" म्हणा. आता घाईत, एका दमात म्हणा, ने आणि ई यांच्यामधे थांबू नका. नेइन. ऐकलंत? जीभ ए वर आहे आणि तिथून वर इ कडे सरकते. हाच तो आवाज. आता न काढून ट्र लावा, ट्रेइन. तसंच घेईन, देईन, येईन. पावसाचा रेन म्हणजे "येईन"मधला य काढून र लावलेला.

आता दुसरा. पॅन म्हणा, तळायचा तवा. तोंड मोठं उघडतं. आता पीन म्हणा, टाचणी. तोंड जवळजवळ मिटतं, ओठ ताणले जातात. या दोन्हीच्या बरोबर मधे कुठेतरी झटकन म्हणा आणि लगेच न वर या, रेंगाळू नका. ते शाईचं पेन.

वर्गात मी हे हात हनुवटीखाली ठेवून करायला लावते. पेन म्हणताना हनुवटी एकदा खाली जाते आणि संपलं. ट्रेन म्हणताना खाली जाऊन परत वर येते. मुलांना मजा वाटते, मोठी माणसं लाजतात.

---

गुळपोळी | सकाळी ८:४४

आईशप्पथ!!! नेइन ट्रेइन. आलं ऐकू. मॅडमचा व्हॉइस मेसेज परत लावला, आता स्वच्छ वेगळं ऐकू येतंय, काल कसं येत नव्हतं हेच कळेना. नवऱ्याचा हात हनुवटीखाली आहे आणि चहा गार होतोय.

---

हातमागाची_चादर | सकाळी ९:३०

सोलापूरहून. आमच्याकडे अर्धी गल्ली तेलुगू, अर्धी कन्नड, त्यांना हे काही नवीन नाही. कन्नडमधे छोटा ए आणि लांब ए ही दोन वेगळी अक्षरंच आहेत. झाडाचं पान म्हणजे एले, तो छोटा, आणि सात म्हणजे एळु, तो लांब. ओ चं पण तसंच, छोटा ओ वेगळा. आमची आई कन्नड माहेरची, तिला इंग्रजी ओ की ठो येत नाही पण पेन-ट्रेन तिला विचारलं तर लगेच म्हणाली पहिला तोकडा आहे.

रच्याकने, कोकणीत पण ए आणि ओ दोन दोन आहेत, उघडा आणि मिटलेला. देवनागरीत लिहिताना एकच मात्रा देतात पण बोलताना गोवेकर बरोबर ओळखतात.

---

जुना_पारा | सकाळी १०:१०

हे सगळं ठीक आहे पण कुणासाठी चाललंय? आपली पोरं लंडनला राहत नाहीत. भारतातल्या इंग्रजीत ट्रेनचा ए घसरतच नाही, आपण सरळ लांब ए म्हणतो आणि कोट्यवधी लोकांचं काम चालतं. ती पण एक इंग्रजीच आहे. उगाच पोरांच्या आणि आयांच्या माना पकडायच्या. लाल फुली कसली देता?

---

भोपळ्याचं_घारगं | सकाळी १०:५२

पाराकाका, अर्ध मान्य. भारतीय इंग्रजीत ट्रेनचा ए घसरत नाही हे खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्याच भारतीय इंग्रजीत पेन आखूड आणि ट्रेन लांब असा फरक बहुतेक लोक राखतातच. म्हणजे घसरवू नका हवं तर, पण लांब तरी करा. दोन्ही एक झाले की राइमचा प्रश्न सुटत नाही, आणि पुढे स्पेलिंगचाही सुटत नाही, कारण मूल ऐकून लिहितं. मिळण्याच्या गेटला ए आणि शेवटी ई लावणारी मुलं मी वहीभर बघितलीत.

फुलीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. पहिलीला फुली नको, परत म्हणून घ्यावं.

---

जुना_पारा | सकाळी ११:०१

बरं. काका नको, पारा म्हणा.

---

मँचेस्टरची_छत्री | दुपारी २:३८

धागा बघून राहवलं नाही. इकडे इंग्लंडमधे येऊन तेरा वर्षं झाली, आणि इकडचं राइम इकडच्याच लोकांना एकमेकांशी पटत नाही हे सांगायला आले.

आपण शाळेत सगळ्यांनी रडगाणं गायलंय ना की पी-यू-टी पुट आणि बी-यू-टी बट, हा कुठला न्याय? तर आमच्या उत्तरेत हा अन्यायच नाही. मँचेस्टर, लीड्स, अख्खा यॉर्कशर, इकडे बट ला "बुट" म्हणतात, पुट सारखंच. कपला कुप, बसला बुस, लव्हला लुव्ह. पूर्वी सगळीकडेच असं होतं. सतराव्या शतकात दक्षिणेकडच्या लोकांनी त्यातले काही शब्द अ कडे नेले आणि काही तसेच ठेवले, पुट, पुल, फुल, बुश वगैरे. म्हणजे आपल्याला छळणारी भानगड ही लंडनकडच्यांची, इकडचे म्हातारे त्यात पडलेच नाहीत. पहिल्या आठवड्यात ऑफिसात एकाने विचारलं "कुप ऑफ टी?" आणि मी बराच वेळ कोंबड्यांचं खुराडं डोळ्यासमोर आणून उभी.

आणि शाळेचं म्हणाल तर इकडे २०१२ पासून पहिलीच्या वयाच्या मुलांची एक फोनिक्स तपासणी होते. ४० शब्द वाचायचे, त्यातले २० खरे आणि २० चक्क बनवलेले, अर्थच नसलेले. बनवलेल्या शब्दाशेजारी एक विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळतं की हा शब्द नाही, या राक्षसाचं नाव आहे. हेतू असा की पोराने पाठांतरातून नाही तर अक्षरावरून आवाज काढावा. आमचा मुलगा नीट वाचायचा, पण बनवलेले शब्द दिसले की ओळखीच्या शब्दात दुरुस्त करून वाचायचा. स्वभाव बापाचा.

---

टेक्सासी_मिरची | संध्या. ६:४०

छत्रीताईंना अनुमोदन. आणि गुळपोळी, तुमच्यासाठी इकडची गंमत. अमेरिकेच्या दक्षिण भागात खूप लोक पेन आणि पिन एकच म्हणतात. टेन म्हणजे टिन, हेन म्हणजे हिन. न आणि म च्या आधी छोटा ए आला की तो इ होतो. त्यामुळे दुकानात "पिन आहे का" विचारलं की समोरचा विचारतो इंक पेन की सेफ्टी पिन. आमच्या शेजारच्या आजी कायम "इंक पेन" असंच म्हणतात. तुमची वर्कशीट इकडे आली तर ट्रेन वेगळी हे त्या आजी झोपेत सांगतील, पण पिन टाकली असती त्यात तर तीही जुळते म्हणाल्या असत्या.

उलट एक सांगते. खाटेची कॉट आणि पकडण्याचं कॉट, सी-ए-यू-जी-एच-टी वालं, हे आपण मराठीत एकाच ऑ ने लिहितो आणि एकच म्हणतो. ब्रिटिश ते वेगळे म्हणतात, दुसरा लांब आणि गोल. पण अर्ध्याच्या आसपास अमेरिकेत ते एक झालेत. म्हणजे तिथे आपण आणि कॅलिफोर्नियावाले एकाच बाकावर.

---

खवट_काजू | संध्या. ७:१५

ते सगळं ठीक. पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. एकाच स्पेलिंगचे दहा उच्चार ठेवून ठेवलेच कशाला? ब्लड, फूड आणि गुड. तिघांत डबल ओ. तिघांचं तोंड तीन दिशांना. कुणी बसवलं हे?

---

बोरूबहाद्दर | रात्री ९:०५

काजूशेठ, बसवलं कुणीच नाही, सुटत गेलं. थोडं लांबण लावतो.

साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे लांब स्वर आपापल्या जागा सोडून वर सरकले. नेमला तेव्हा "नाम" च्या जवळपास म्हणायचे, टाइमला "टीम", हाउसला "हूस". स्कॉटलंडात अजून हूस ऐकू येतं. या सरकण्याला येस्पर्सन नावाच्या डॅनिश भाषातज्ज्ञाने द ग्रेट व्हॉवेल शिफ्ट असं नाव दिलं. आता घोळ असा की कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला १४७६ साली, म्हणजे हे सरकणं ऐन रंगात असताना. छापायला लागले की स्पेलिंग थिजायला लागतं. घर हलतंय आणि हा नंबरप्लेट ठोकतोय. पुढे घर चार गल्ल्या पलीकडे गेलं आणि पाटी तिथेच.

ब्लड-फूड-गुड तिघांचा स्वर मुळात एकच, लांब ओ. तो सरकून झाला ऊ. फूड तिथेच थांबलं. ब्लड आणि फ्लड लवकर आखूड झाले, उ झाले, आणि छत्रीताईंनी सांगितलेल्या सतराव्या शतकातल्या लाटेत सापडून अ झाले. गुड, फुट, बुक उशिरा आखूड झाले, लाट निघून गेली होती, ते उ वरच राहिले. म्हणजे एकाच गावचे तिघे, एकाने एसटी पकडलीच नाही, एकाने वेळेत पकडली, तिसरा स्टँडवर पोचला तेव्हा गाडी गेलेली.

जुन्या कवितांमधे याचे पुरावे मिळतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पोप या कवीने चहाचा "टी" हा शब्द "ओबे" शी यमक म्हणून जुळवलाय. चूक नाही ती, तेव्हा "टे" म्हणणारे लोक होते. ई-ए वाले बहुतेक शब्द पुढे ई ला गेले, सी, मीट, टी. मागे राहिले ते ग्रेट, ब्रेक, स्टेक. म्हणून ब्रेकचं यमक केकशी, बीकशी नाही.

आणि तो ओ-यू-जी-एच. त्यातल्या जी-एच ला एके काळी खरंच आवाज होता, घशातून घासून येणारा, ख च्या अंगाने जाणारा. तो आवाज भाषेने टाकला. काही शब्दांत नुसता गेला, थ्रू, दो, बाउ. काही शब्दांत त्याचा फ झाला, टफ, रफ, कॉफ. स्पेलिंगमधे तो अजून बसलाय, निवृत्त झालेल्या हेडक्लार्कसारखा, काम काही नाही पण खुर्ची आहे.

---

खवट_काजू | रात्री ९:२२

_/\_ दंडवत. मग हॅव आणि गिव्हच्या शेवटी ई का? तो जादूचा ई की काय म्हणतात तो असेल तर हेव्ह आणि गाइव्ह व्हायला हवं ना.

---

बोरूबहाद्दर | रात्री ९:३१

तो जादूवाला ई नाही, तो राखणदार ई. इंग्रजी स्पेलिंगची पद्धत अशी की शब्द व्ही वर संपवत नाहीत. म्हणून हॅव, गिव्ह, लव्ह, सगळ्यांच्या मागे एक ई उभा केलेला असतो, उच्चाराशी त्याचं काही देणंघेणं नाही. हॅटचं हेट आणि किटचं काइट करतो तो जादूवाला.

अजून एक, हे खरंच उपयोगी आहे म्हणून. डब्ल्यू. तो पुढच्या स्वराला वाकवतो. कार, फार्म, हार्म नीट चाललेत, पण डब्ल्यू आला की वॉर, वॉर्म. फोर्क, लॉर्ड, फॉर्म, पण डब्ल्यू आला की वर्क, वर्ड, वर्म. बॅश, कॅश, पण वॉश. कारण डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि ते गोलपण पुढच्या ए वर सांडतं. के किंवा जी चा आवाज पुढे असला तर वाचतो, वॅक्स आणि वॅगसारखा. हे एकदा डोक्यात बसलं की वीसपंचवीस "अपवाद" एकदम रांगेत येतात. मला हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर वॉर्डन आणि गार्डन यांच्यावरून वर्गात माझं हसं झालं नसतं.

---

सातारी_कंदी | रात्री ९:४०

वॉर्डन गार्डन 😂 मी आत्ता मनात म्हणून बघितलं, मी पण गार्डनसारखंच म्हणत होतो

---

अबोली_आणि_कंपनी | रात्री १०:१८

एक शंका, मी कविता करते म्हणून. आपल्या यमकात आणि त्यांच्या राइममधे हा जोराचा भाग आहे का? मी इंग्रजीत चार ओळी केल्या होत्या, हॅपी आणि सॉरी जुळवले, एकीने म्हटलं हे राइम नाही. शेवटी दोन्हीकडे ई आहे की!

---

भोपळ्याचं_घारगं | रात्री १०:४७

तिथेच गंमत आहे अबोली. इंग्रजीत शब्दातलं एक अक्षर ठासून येतं, बाकीची दबतात. हॅपीत जोर हॅ वर, म्हणजे "ॲपी" एवढं सगळं सारखं हवं. स्नॅपी चालेल. सॉरीचं कुणाशी, तर लॉरीशी. मराठीत असा ठासून जोर नसतो, अक्षरं बऱ्यापैकी सारख्या वजनाने येतात, त्यामुळे शेवटचं अक्षर जुळलं की आपला कान खूश. पण चांगला कवी आपल्याकडेही तेवढ्यावर थांबत नाही. मोरोपंतांचं घडो, पडो, झडो घ्या. नुसता डो जुळवून भागलं असतं, पण आधीचा अ पण जुळवलाय. हे इंग्रजी नियमातही सहज पास. राणी-पाणी तसंच. राणी-गोष्टी म्हटलं तर ओढूनताणून.

आणि आपली लिपी फार प्रामाणिक आहे असं कुणी म्हणायच्या आत सांगते, चार पोळ्या आणि गुरांचा चारा. च एकच लिहिलाय, म्हणा बघू. आपण पण एका अक्षरात दोन आवाज कोंबून बसलोय, सवयीने कळत नाही इतकंच. ॲ आणि ऑ तरी आपण इंग्रजीसाठी मुद्दाम करून घेतले, २००९ च्या शासन निर्णयात वर्णमालेत बसवले. बिचारे हिंदीवाले अजून बॅटला बैट लिहितात. त्याच दमात छोट्या ए साठी एक खूण केली असती तर आज गुळपोळीची वही लाल झाली नसती.

---

जुना_पारा | रात्री ११:०२

ऑरेंजला राइम सांगा म्हणावं तुमच्या मॅडमना. मग बघू कोण कुणाला फुली देतं.

---

मँचेस्टरची_छत्री | रात्री ११:१०

पारा, आहे. वेल्समधे ॲबरगॅव्हेनी गावाजवळ एक डोंगर आहे, ब्लॉरेंज. आम्ही चढून आलोय, वर वारा फार.

---

जुना_पारा | रात्री ११:१२

डोंगर चालणार नाही

---

गुळपोळी | तीन दिवसांनी, संध्या. ५:०६

सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते.

मॅडमना ग्रुपवरच सॉरी म्हटलं, जिथे चूक केली तिथेच. अंगठा देणाऱ्यांपैकी दोघींनी लगेच पर्सनलवर विचारलं की म्हणजे नक्की काय वेगळंय, त्यांना नेईन-ट्रेन पाठवलं. सासूबाईंना पण आता ऐकू येतं, त्या टीव्हीसमोर बसून हनुवटीखाली हात धरून बातम्या ऐकतात.

आणि मी जरा हवेतच होते. लेकीला छान नियम करून दिला, की ए आणि आय शेजारी बसले की नेईनवाला आवाज. रेन, पेन, मेल, टेल, वेट. तिने पंधरा शब्द पाठ केले. आज वर्कशीट आली. रेड, बेड, सेड, पेड. वेगळा ओळखा. म्हणण्याचं सेड, एस-ए-आय-डी. पैसे दिले ते पेड, पी-ए-आय-डी. लेकीने माझ्या नियमाने गोल करायला घेतला आणि दोन गोल होईनात. रडायला लागली.

हे सेड काय प्रकरण आहे आता?

---

बोरूबहाद्दर | संध्या. ५:४४

सेड पण पूर्वी पेडशीच जुळायचं. पण दिवसात शंभर वेळा तोंडात येणारा शब्द झिजतो, पायरीचा दगड झिजावा तसा. सेड झिजून रेडच्या पंक्तीत गेलं. सेझचं पण तेच. पेड बिचारा पगाराच्या दिवशीच वापरला जातो, तो कोरा राहिला. गोल पेडला.

---

गुळपोळी | संध्या. ५:५०

केला पेडला. शांत झाली. पण खाली अजून एक ओळ आहे. अगेन, मेन, रेन, ट्रेन. यात ती म्हणते सगळे जुळतात. वेगळा कुठला?

---

भोपळ्याचं_घारगं | संध्या. ५:५८

मेन म्हणजे माणसं की मुख्य?

---

गुळपोळी | संध्या. ५:५९

मुख्य. ए-आय.

---

भोपळ्याचं_घारगं | संध्या. ६:०४

मग प्रश्न अगेनचा. बहुतेक लोक ते पेनशी जुळवून म्हणतात, पण ट्रेनशी जुळवून म्हणणारेही आहेत आणि ब्रिटिश डिक्शनरीत दोन्ही उच्चार दिलेले असतात. अपेक्षित उत्तर अगेन. पण लेक चुकली नाही.

---

मँचेस्टरची_छत्री | संध्या. ६:१०

आमच्या ऑफिसात दोन्ही आहेत. एकाच टेबलावर.

---

सातारी_कंदी | संध्या. ६:१३

गुळपोळीताई, ग्रुपवर टाकू नका 🙏

---

गुळपोळी | संध्या. ६:३१

नाही टाकलं. लेकीने स्वतःच चारींच्या भोवती एक मोठा गोल काढलाय आणि वही दप्तरात भरलीये.